गाजर गवत पोखरणारा पतंग आपण आत का घेतला नाही

आमच्या आईला गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे. पावसाळा उतरणीला लागला की तिच्या पापण्या सुजतात, मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे उठतात, आणि खाज इतकी की रात्र रात्र झोप नाही. त्यामुळे आमच्या घरात या गवतावर जेवढा राग आहे तेवढा साप-विंचवावर पण नाही. मग जेव्हा मी पहिल्यांदा वाचलं की मेक्सिकोकडचा एक बारकासा पतंग आहे, त्याची अळी गाजर गवताच्या खोडात शिरून आतून पोखरते, ऑस्ट्रेलियाने तो १९८२ मध्ये मुद्दाम नेऊन रानात सोडला, आणि आपल्याकडे पण तो आणला होता पण नंतर सगळा साठा नष्ट करून टाकला, तेव्हा मला आधी संतापच आला. आयता आलेला उपाय कुणी फेकून देतं का?

कारण कळल्यावर मात्र राग गेला. कारण होतं कारळं. आपलं कारळं, ज्याला आमच्या नाशिककडे खुरासणी म्हणतात, ज्याची काळी चटणी भाकरीबरोबर खातो, ते.

हे नीट समजून घ्यायचं तर आधी त्या पतंगाच्या खानदानाकडे बघावं लागेल.

पतंगांचं एक कुळ आहे, त्याला शास्त्रात एपिब्लेमा म्हणतात. शास्त्रीय नावाचं कसं असतं, मतदार यादीत जसं आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात ना, तसंच. एपिब्लेमा हे आडनाव, त्याच्या पुढे प्रत्येकाचं स्वतःचं नाव. हे आडनाव ह्यूबनर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८२५ मध्ये दिलं. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका असे हे पतंग पसरलेले आहेत आणि दिसायला अगदी साधे, करडे, तपकिरी, कुणाच्या पंखावर पांढरा डाग, बसले की पंख अंगावर घंटेसारखे मिटून घेणारे, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. रात्री दिव्यावर आला तर तुम्ही हाताने झटकून टाकाल एवढाच जीव. एकमेकांसारखे इतके दिसतात की बऱ्याचदा नुसत्या पंखांवरून कोणता कोण ते सांगता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे प्रजननाचे अवयव तपासावे लागतात.

पण यांची खरी ओळख पंखांत नाही, अळीच्या खाण्यात आहे. या कुळातल्या अळ्या मुख्यतः सूर्यफुलाच्या घराण्यातली झाडं खातात आणि ती पण पान कुरतडून नाही, तर खोडात नाहीतर मुळात शिरून.

आता सूर्यफुलाचं घराणं म्हणजे काय हे सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. सूर्यफुलाचं जे एक मोठं फूल दिसतं ते एक फूल नसतंच. मधल्या तबकडीत शेकडो बारकी बारकी फुलं दाटीने बसलेली असतात, आणि कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे पण एकेक स्वतंत्र फूलच. झेंडूची पाकळी उपटून बघा, खाली जी काळी काडी येते ना जी आपण बी म्हणून पेरतो, ते त्या एका बारक्या फुलाचं फळ. अशी गुच्छात फुलं असलेली झाडं म्हणजे हे घराणं, आणि हे प्रचंड मोठं आहे. झेंडू यातलाच, शेवंती यातलीच, करडई यातलीच, माका, रस्त्याकडेची एकदांडी, कासच्या पठाराला पिवळं करून टाकणारी सोनकी, जोतिबाला वाहतात तो दवणा, अंगाला चिकटणारा शंकेश्वर, सगळे एकाच घराण्यातले. कारळं पण. आणि गाजर गवत पण. होय, ते नावाला गाजर आणि नावाला गवत, गाजराशी त्याचं काही नातं नाही आणि गवताशी तर अजिबात नाही, फक्त पानं गाजरासारखी कातरलेली दिसतात म्हणून ते नाव. नात्याने ते सूर्यफुलाचं आणि कारळ्याचं भावकीतलं आहे.

एपिब्लेमातल्या प्रत्येकाने या घराण्यातलं आपापलं झाड धरलेलं आहे. युरोपात एक आहे, फीनेला नावाचा, तो दवण्याच्या जवळच्या एका रानटी झाडाच्या मुळात आणि खोडाच्या बुडाशी राहतो. दुसरा एक काटेरी झाडांच्या खोडात.

अमेरिकेतला स्कडेरियाना नावाचा जो आहे त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच पाहिजे कारण मला स्वतःला तो फार आवडतो. तिकडे गोल्डनरॉड नावाची पिवळ्या फुलांची उंच झाडं असतात, त्याच्या खोडात ही अळी शिरते आणि खोडाला एक लांबट गाठ येते. अळी त्या गाठीत अख्खा हिवाळा काढते. तिकडचा हिवाळा म्हणजे आपल्या महाबळेश्वरची थंडी नाही, कॅनडातला हिवाळा. खोड वाळून काडी झालेलं, वर बर्फ, आणि आत एक भाताच्या दाण्याहून थोडी मोठी अळी, ना शेकोटी ना गोधडी. ती करते काय, तर थंडी सुरू व्हायच्या आत शरीरात ग्लिसरॉल साठवायला लागते. ग्लिसरॉल म्हणजे तेच जे मेडिकलमधून आपण ओठ फुटले की ग्लिसरीन म्हणून आणतो. ते अंगातल्या पाण्यात मिसळलं की पाणी गोठायचं तापमान खाली जातं, आणि ही अळी शरीरात एवढं साठवते की उणे ३५ अंशांच्याही खाली तिच्या अंगात बर्फाचा कण तयार होत नाही. गंमत अशी की त्याच झाडावर गाठ करणारी एक माशी पण असते, तिची अळी उलट मार्गाने जाते, ती अंगातलं पाणी खरंच गोठू देते आणि तरी जगते. एकच झाड, एकच थंडी, शेजारी शेजारी दोन घरं, आणि दोघांची रीत वेगळी. शास्त्रज्ञांनी या जोडीचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. आणि तिकडचे मासे पकडणारे लोक हिवाळ्यात या गाठी फोडून अळ्या गळाला लावतात, ते वेगळंच.

आता गाठ म्हणजे काय प्रकरण आहे. बऱ्याच जणांना वाटतं की अळी गाठ बांधते, मधमाशी पोळं बांधते तशी. तसं नाही. गाठ झाडच तयार करतं. अळी आत कुरतडत असते, त्यामुळे तिथल्या पेशी बिथरल्यासारख्या वाढायला लागतात, खोड त्या जागी फुगतं, आणि ते फुगलेलं मऊ, रसाळ मांस अळीला खायला मिळतं. भिंती पण झाडाच्या, जेवण पण झाडाचं. पक्षी, मुंग्या, ऊन, फवारणी, सगळ्यापासून अळी आत सुरक्षित. आणि झाडाने जो अन्नरस वर शेंड्याला, कळ्यांना पाठवायचा तो मधेच या गाठीत जिरतो. त्यामुळे झाड मरत नाही तरी खुंटतं, फुलं कमी येतात, बी कमी पडतं.

आता आपल्या गोष्टीतला पतंग. याचं नाव एपिब्लेमा स्ट्रेन्युआना. मूळचा उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोकडचा. याला गाजर गवत चालतं, शंकेश्वर चालतो, आणि रॅगवीड नावाचं तिकडचं एक तण, ज्याच्या परागांनी तिकडच्या लोकांना शिंका आणि दमा होतो, ते पण चालतं. मादी पानांवर अंडी घालते, चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, सुरुवातीला पानात थोडं खाते आणि मग शेंड्यातून नाहीतर पानाच्या बेचक्यातल्या कोंबातून खोडात उतरते. काही दिवसांत तिथे गाठ दिसायला लागते.

अशी गाठ उभी चिरली तर आत एक पोकळी असते, कडेला कुरतडल्याचा भुसा आणि विष्ठा, आणि मधे ती अळी. मोठी झाल्यावर ती एक काम करते जे मला कमालीचं वाटतं. कोष करायच्या आधी ती आतून खोडाच्या सालीपर्यंत एक वाट कोरत नेते, पण भोक पूर्ण पाडत नाही, बाहेरचा कागदासारखा पातळ पापुद्रा शिल्लक ठेवते. एक बंद खिडकीच. कारण पतंग झाल्यावर तिला तोंडाने कुरतडता येणार नसतं, पतंगाला तसे जबडेच नसतात, म्हणून बाहेर पडायची सोय अळी असतानाच करून ठेवायची आणि तोवर शत्रू आत येऊ नये म्हणून पापुद्रा तसाच ठेवायचा. मग ती कोषात जाते, दहाएक दिवसांनी कोष सरकत सरकत त्या खिडकीला धडकतो, पापुद्रा फुटतो आणि पतंग बाहेर. रिकामी कोषाची साल अर्धी बाहेर लटकलेली राहते. उन्हाळ्यात हे सगळं साधारण महिना-सव्वा महिन्यात उरकतं, म्हणजे वर्षाला बऱ्याच पिढ्या होतात, आणि थंडीत अळी गाठीतच झोपून राहते.

आता गाजर गवत. आपल्याकडे त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास. परदेशातून आलेल्या धान्यातून ते आलं असं सर्रास सांगितलं जातं, काँग्रेस गवत हे नाव पण त्याच काळातलं आणि त्याबद्दल पण प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे, त्यात मी जात नाही. एवढं खरं की एकदा पाय रोवल्यावर त्याने देशभर पसरायला फार वर्षं घेतली नाहीत. एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी, पंधरा-पंचवीस हजारांपर्यंत पण जातं, बी हलकं, वाऱ्याने जातं, पाण्याने जातं, शेणखतातून जातं, ट्रकच्या चाकाला लागलेल्या चिखलातून जातं. पाणी मिळालं की महिन्या-दीड महिन्यात फूल. आणि त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, आईच्या पापण्या सुजवतं ते हेच. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि लावलंच तर दूध कडू होतं.

ऑस्ट्रेलियाला पण हेच दुखणं. क्वीन्सलँड राज्यात १९५५ मध्ये एका ठिकाणी सापडलं, पुढे १९६० मध्ये अमेरिकेतून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून दुसरीकडे शिरलं आणि मग मध्य क्वीन्सलँडची कुरणंच्या कुरणं गेली. त्यांनी विचार केला की हे तण जिथून आलं तिथे ते असं माजत नाही, मग तिथे त्याला कोण आवरतं ते शोधा. शोधून त्यांनी एकूण नऊ कीटक आणि दोन तांबेरा बुरश्या आणून सोडल्या, त्यातला हा पतंग. तो चांगला रुजला. झाड लहान असताना अळी शिरली तर झाड पार खुंटतं, मोठं झाल्यावर शिरली तर झाड फारशी पर्वा करत नाही, फुलत राहतं. म्हणजे रामबाण नाही, पण कामाचा. पुढे ऑस्ट्रेलियातून तो चीनने पण नेला, रॅगवीडसाठी. इस्रायलमध्ये तर तो कुणी न बोलावता स्वतःच पोचला.

आणि १९८० च्या दशकात बंगळूरला पण आला. रानात नाही, बंदिस्त प्रयोगशाळेत.

परदेशी कीटक आणला की तो थेट सोडत नाहीत, आधी क्वारंटाईनमध्ये ठेवून त्याची परीक्षा घेतात, आणि ही परीक्षा कशी घेतात ते कळलं की बाकी सगळं समजतं. देशातली सगळी झाडं तपासणं तर शक्य नाही. मग १९७४ मध्ये वॅपशिअर नावाच्या शास्त्रज्ञाने एक पद्धत व्यवस्थित मांडली, ती म्हणजे तणाच्या नात्यातून बाहेर जायचं. लग्नाच्या याद्या करतो तसं समजा, आधी सख्खे, मग चुलत, मग लांबची भावकी, मग नुसते गाववाले. तणाच्या सगळ्यात जवळच्या नात्यातली झाडं आधी घ्यायची, त्यावर अळी जगते का बघायचं, मग एकेक वर्तुळ बाहेर. शिवाय त्या देशाला महत्त्वाची पिकं वेगळी घ्यायची. काही चाचण्यांत कीटकाला आवडतं झाड आणि पीक दोन्ही देतात, तो कुठे जातो बघतात. काहींत आवडतं झाड देतच नाहीत, नुसतं पीक पुढ्यात ठेवतात, खा नाहीतर उपाशी मर. ही दुसरी चाचणी निष्ठुर असते, पण रानात गाजर गवत वाळून गेल्यावर कीटकासमोर नेमकी हीच वेळ येणार असते.

बंगळूरच्या चाचणीत दिसलं की ही अळी कारळ्यावर जगते. नुसती चाखून सोडत नाही, अळी, कोष, पतंग असं अख्खं आयुष्य कारळ्यावर पूर्ण करते. झालं. साठा नष्ट केला, पतंग बाहेर सोडलाच नाही.

मग ऑस्ट्रेलियाने सोडला तो बेफिकिरीने का? नाही, त्यांनी पण तपासणी करूनच सोडला होता. पण तिकडे कारळं हे काही लोकांचं जगायचं पीक नाही. आपल्याकडे आहे. इथिओपियात, जिथलं ते मूळचं, तिथे त्याला नूग म्हणतात आणि तिथे तर ते मुख्य तेलबियांपैकी एक. एकच पतंग, त्याची भूक तीच, एका देशात तो मदतनीस आणि दुसऱ्या देशात कीड. पतंगाला काय माहीत सातबाऱ्यावर काय लिहिलंय. त्याला आपलं तण आणि आपलं पीक हा भेद कळत नाही, त्याला फक्त झाडाचा वास आणि चव कळते.

आणि कारळं कुणाचं पीक आहे तेही बघा. सुरगाणा, पेठ, जव्हार, नंदुरबारकडचा डोंगर, उताराची हलकी मुरमाड जमीन, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे हे येतं. खत नाही, फवारणी नाही, निगा पण फार नाही. पावसाळा संपता संपता उतारच्या उतार पिवळे होतात आणि मधमाश्यांचा आवाज बांधावरून ऐकू येतो. माश्या नसल्या तर दाणा पण भरत नाही, कारण कारळ्याला स्वतःच्याच झाडाचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा आणावा लागतो. दाण्यात साधारण ३५ ते ४० टक्के तेल. आता या पिकात खोडात बसणारी अळी शिरली असती तर? तो शेतकरी महागडी औषधं मारणार नाही, आणि मारली तरी गाठीतल्या अळीपर्यंत ती पोचणार नाहीत, उलट मधमाश्या मरतील. म्हणून मला तो बंगळूरचा निर्णय फार मोठा वाटतो. त्याची बातमी होत नाही, कारण जे नुकसान झालंच नाही ते दाखवणार कसं.

एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही, याचं उदाहरण पण पतंगाचंच आहे, वेगळ्या कुळातल्या. क्वीन्सलँडमध्ये निवडुंगाने थैमान घातलं होतं तेव्हा अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणून १९२६ पासून सोडला, आणि त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत निवडुंगाचं रान साफ केलं. लोकांना इतका आनंद झाला की बूनार्गा नावाच्या गावी या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं, ते अजून आहे. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला, आणि १९८९ मध्ये तो फ्लोरिडात सापडला, जिथले निवडुंग तण नाहीत, तिथले मूळ रहिवासी आहेत. आता अमेरिकेला त्याच पतंगाशी झगडावं लागतंय.

मग आपल्याकडे गाजर गवताला काहीच नाही का? आहे, मेक्सिकन भुंगा. हा पण १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला, परीक्षा घेतली आणि १९८४ मध्ये सोडला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी काळपट नागमोडी रेघा, मसुरीपेक्षा जरासा मोठा. तो आणि त्याची अळी दोघंही पानं खातात. मधे त्याच्यावर पण बालंट आलं होतं, कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला, बोंबाबोंब झाली, सरकारने समिती नेमली, भुंगे सोडणं थांबवलं. मग लक्षात आलं की शेजारच्या गाजर गवताचा पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसला होता आणि भुंगा त्या वासाने तिकडे जाऊन कुरतडत होता. सूर्यफुलावर त्याचा संसार चालत नाही. म्हणजे पतंगाचं आणि भुंग्याचं प्रकरण वरवर सारखं वाटलं तरी फरक हा आहे, एक जण पिकावर पिढी काढू शकत होता, दुसरा नाही.

आमच्या सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर मी दर पावसाळ्यात हे भुंगे बघतो. ऑगस्टमध्ये कधी कधी अख्ख्या झाडाच्या नुसत्या शिरा उरतात, पानाच्या खाली पिवळसर अंडी, शेंड्यात अळ्या गर्दी करून बसलेल्या. पाऊस गेला की भुंगे जमिनीत जाऊन बसतात आणि जे गवत उशिरा उगवतं ते वाचतं. म्हणून भुंगा एकटा पुरत नाही, उपटावं लागतंच, आणि ते फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, नाकावर रुमाल बांधून. ज्यांना आईसारखा त्रास आहे त्यांनी तर हात लावूच नये. आणि ज्या झाडांवर भुंगे दिसतील त्या झाडांवर तणनाशक मारू नका, ते तुमचंच काम करतायत.

एक अजून. खोडातली अळी वाळलेल्या खोडासोबत, चाऱ्यासोबत कुठेही जाऊ शकते, आणि इस्रायलला हा पतंग बोलावल्याशिवायच पोचला होता हे वर सांगितलंच. तेव्हा गाजर गवत उपटताना कुठे खोडाला फुगीर गाठ दिसली, तर ती उभी चिरून बघा. गाठ कशानेही येऊ शकते, दर गाठीत पतंगच असेल असं नाही. पण आत अळी असेल, किंवा सालीवर तो कागदासारखा पापुद्रा दिसला, तर फोटो काढा आणि तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, आणि आसपास खुरासणी पेरलेली असेल तर तिची खोडं पण बघून घ्या.